चारचौघांत पडल्यावर

भर रस्त्यांत, दुकानांत किंवा स्टेशनच्या जिन्यावर पाय घसरून आपण पडलों, तर सर्वांत आधीं काय करतों? ज्यांच्यावर हा प्रसंग आला असेल त्यांनीं क्षणभर आठवून पाहावें. कोठें लागलें हें आपण पाहत नाहीं. आपण इकडे तिकडे पाहतों. कोणीं पाहिलें तर नाहीं ना, ही पहिली चिंता. मग घाईघाईनें उठावयाचें, कपडे झटकावयाचे, जमलेल्या चार माणसांना "कांहीं नाहीं, कांहीं नाहीं" असें हंसत सांगावयाचें, आणि होईल तितक्या लौकर त्या जागेवरून नाहींसें व्हावयाचें. दुखणें घरीं गेल्यावर आठवतें. आणि घरींहि पुष्कळ वेळां तें सांगितलें जात नाहीं.

ही लाज आपल्याला लहानपणापासून लागलेली असते. मीं सदतीस वर्षें शाळेंत शिकविलें. मधल्या सुटींत एखादा मुलगा पटांगणावर आपटला कीं सारी मुलें हंसत, आणि मी त्याच्याजवळ जाऊन म्हणत असें, "ऊठ, ऊठ! शूर ना तूं? कांहीं झालेलें नाहीं." कांहीं झालें आहे कीं नाहीं हें पाहण्याच्या आधींच माझा निकाल लागलेला असे. हेतु वाईट नव्हता. परंतु पडणें ही लपविण्याची गोष्ट आहे, हा धडा मीं कितीतरी मुलांना अशा रीतीनें दिला. तो धडा चुकीचा होता, हें मला वयाच्या साठाव्या वर्षीं कळलें. कसें कळलें तें प्रथम सांगतों.

२०१८ सालच्या जुलै महिन्यांतली गोष्ट. माझे एक जुने सहकारी, माझ्याहून चार वर्षांनीं वडील, आणि मी असे दोघे संध्याकाळीं भाजी घेऊन मंडईच्या पायऱ्या उतरत होतों. पाऊस नुकताच उघडला होता. शहाबादी फरशीवर पाणी साचलेलें, आणि कोबी-कोथिंबिरीचीं पानें तुडविलीं जाऊन त्यांचा चिखल झालेला. त्यांचा पाय सरकला, ते मागच्या मागें आपटले आणि डोकें पायरीच्या कडेला लागलें. रक्त आलें नाहीं. मीं त्यांना दंडाला धरून ताबडतोब उभें केलें. "मास्तर, दांत पडण्याच्या वयांत आतां मी सबंधच पडूं लागलों," असें म्हणून ते हंसले, मीहि हंसलों. सांडलेले बटाटे पोरांनीं गोळा करून दिले. शेजारच्या हॉटेलांत आम्हीं चहा घेतला. निघतांना ते म्हणाले, "घरीं बोलूं नका हो. उगीच माझें बाहेर जाणें बंद करतील." मीं शब्द दिला, आणि तो पाळला.

तीन आठवड्यांनीं त्यांचे चिरंजीव मला भेटले. वडिलांचें डोकें रोज दुखतें, उजवा पाय ओढल्यासारखा पडतो, बोलतांना साधे शब्द अडतात, असें ते सांगूं लागले. डॉक्टरांनीं पहिलाच प्रश्न विचारला होता, "हे मध्यंतरीं कोठें पडले होते काय?" घरच्या मंडळींनीं प्रामाणिकपणें "नाहीं" असें उत्तर दिलें होतें. रुग्ण स्वतः तें विसरून गेले होते. त्या प्रश्नाचें खरें उत्तर ठाऊक असलेला एकच मनुष्य होता, आणि तो मी होतों. त्याच दिवशीं डोक्याचा सी. टी. स्कॅन झाला. कवटीच्या आंत, मेंदूच्या वर रक्त सांकळलेलें निघालें. कवटीला भोंक पाडून तें काढावें लागलें. माझे मित्र वांचले, चालूं बोलूं लागले. परंतु ज्यांचें फळ्यावरचें अक्षर दाखवून आम्ही मुलांना वळण लावीत असूं, त्यांचें तें अक्षर पुन्हां आलें नाहीं. "आठ दिवस आधीं कळतें तर बरें झालें असतें," एवढेंच शल्यचिकित्सक म्हणाले. त्यांनीं तें मला उद्देशून म्हटलें नव्हतें.

मी डॉक्टर नाहीं, वकीलहि नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. परंतु त्या दिवसापासून या विषयाचा मीं विद्यार्थ्याप्रमाणें अभ्यास केला, जाणत्या डॉक्टरांना विचारलें, कायद्याचीं कलमें वाचलीं. त्याचें सार आज आपणांपुढें ठेवतों. त्याचे तीन भाग आहेत: पडल्या जागीं काय करावें, घरीं आल्यावर काय करावें, आणि ज्या जागेनें आपणांस पाडलें तिच्याविषयीं काय करावें.

विषय क्षुल्लक आहे असें कोणी समजूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें जगांत दर वर्षीं सुमारें ६ लाख ८४ हजार माणसें पडून मरण पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील वाहनांच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, आणि या मृतांत साठीच्या पुढच्या माणसांचा भरणा सर्वांत मोठा आहे. उंचावरून पडणारे त्यांत आहेत, तसे सपाट जमिनीवर पाय घसरून पडणारेहि आहेत.

आतां पहिला भाग. आपण स्वतः पडलां आहांत असें समजा. वाहनांच्या वाटेंत पडलां असाल, किंवा साचलेल्या पाण्यांत विजेची तार असण्याचा संभव असेल, तर तेथून दूर होणें हेंच पहिलें कर्तव्य. एरवीं लगेच उठूं नका. मिनिट दोन मिनिटें आहे त्या जागींच राहा. धक्क्याच्या भरांत कधीं कधीं मोडलेलें हाडहि थोडा वेळ फारसें दुखत नाहीं, आणि माणूस त्याच्यावर उभा राहून दुखापत वाढवितो. या दोन मिनिटांत अवयवांची हजेरी घ्यावी. वर्गांत आपण क्रमानें नांवें घेतों, तशी वरून खालीं एकेकाची विचारपूस करावी. डोकें कोठें आपटलें काय? कसे पडलों हें स्वच्छ आठवतें काय? मानेंत किंवा पाठीच्या कण्यांत दुखतें काय? हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा आला आहे काय? मान व पाठ यांनीं तक्रार केली नाहीं, तर मग बोटें, मनगटें, खांदे, कंबर, गुडघे आणि घोटे हळूहळू हालवून पाहावे. जो अवयव "हजर" म्हणणार नाहीं त्याच्यावर भार घालूं नये. मान किंवा पाठ दुखत असेल, वा हातपाय बधिर वाटत असतील, तर मुळींच हलूं नये आणि कोणास हलवूंहि देऊं नये. मदत येईपर्यंत तसेंच पडून राहावें.

सारे हजर असतील तर उठावें, पण टप्प्याटप्प्यानें. प्रथम कुशीवर वळावें. मग हात व गुडघे टेकून रांगण्याच्या स्थितींत यावें. जवळ बांक, खुर्ची किंवा कठडा असेल तो धरावा. बळकट वाटेल तें पाऊल पुढें रोवून उठावें. आणि उठल्यावर लगेच चालूं न लागतां थोडें बसावें. बसल्या बसल्या आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा: पाय आधीं घसरला, कीं आधीं डोळ्यांपुढें अंधारी आली? पाय घसरला असेल तर दोष जमिनीचा किंवा जोड्याचा. अंधारी आधीं आली असेल तर रक्तदाब, हृदय, रक्तांतील साखर किंवा चालूं असलेलीं औषधें यांकडे पाहिलें पाहिजे, आणि जखम लहान असली तरी डॉक्टरांना भेटलें पाहिजे.

जवळ असलेल्या माणसांनीं काय करावें? मीं जें केलें तें करूं नये. पडलेल्याला दंडाला धरून ओढणें ही आपल्याकडे माणुसकीची खूण समजली जाते. परंतु तोच हात मोडलेला असूं शकतो, आणि मणक्याला मार असेल तर त्या एका ओढीनें जन्माचें नुकसान होऊं शकतें. जवळ जाऊन गुडघ्यावर बसावें, आपला चेहरा त्याला दिसेल असा ठेवावा, आणि म्हणावें, "हलूं नका. कोठें दुखतें तें सांगा. मी येथें आहें." गर्दी मागें सारावी, छत्री धरावी. तो उठूं म्हणेल तेव्हां आधार द्यावा. बळ त्यालाच लावूं द्यावें.

तो उत्तर देत नसेल तर ताबडतोब मदत बोलवावी. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ही सेवा २०१४ सालीं सुरू झाली. ११२ हा संकटकाळचा क्रमांक सबंध देशांत चालतो. शुद्ध नाहीं पण श्वास नीट चालूं आहे, अशा माणसाला डोकें, मान व धड एका रेषेंत ठेवून सावकाश कुशीवर वळवावें, म्हणजे जीभ किंवा ओकारी घशांत अडकत नाहीं. श्वासच बंद असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागीं एकावर एक तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळां जोरानें दाबत राहावें. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी घालूं नये. कांदा किंवा जोडा हुंगविण्यांत फक्त वेळ जातो. माणूस शुद्धीवर असला तरी हाड मोडल्याचा संशय असेल तर चहा किंवा खाणें देऊं नये. शस्त्रक्रिया करावी लागल्यास भूल देण्यासाठीं पोट रिकामें असावें लागतें.

जखमेंतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमालाची घडी ठेवून दहा मिनिटें एकसारखी दाबून धरावी. थांबलें काय, म्हणून दर मिनिटाला उचलून पाहूं नये. त्यानें जमत आलेली गुठळी सुटते. हळद, चुना, कॉफीची पूड यांपैकीं कांहींहि जखमेंत भरूं नये. डॉक्टरांना तेंच आधीं धुऊन काढावें लागतें.

पडतांना मनुष्य स्वभावतःच हात पुढें करतो, आणि अंगाचा सारा भार तळहातावर येतो. त्यामुळें मनगटाजवळचें हाड मोडणें हें फार नेहमींचें आहे. डब्लिन शहरचे शल्यवैद्य अब्राहम कॉलिस यांनीं १८१४ सालीं या मोडीचें वर्णन केलें, आणि ती आजहि त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. क्ष-किरणांचा शोध लागण्यास तेव्हां ८१ वर्षें अवकाश होता. त्यांनीं केवळ डोळ्यांनीं पाहून आणि बोटांनीं चांचपून ती ओळखली. बाजूनें पाहिल्यास हात पालथ्या ठेवलेल्या काट्यासारखा बांकलेला दिसतो. असा वांकडा हात सरळ करण्याचा प्रयत्न आपण करूं नये. घडी केलेलें वर्तमानपत्र किंवा मासिक हाताखालीं ठेवून, सैलसर बांधून, ओढणीच्या किंवा उपरण्याच्या झोळींत तो अडकवावा. आणि सूज चढण्यापूर्वीं त्या हातांतील बांगड्या व अंगठी काढून घ्यावी. बायकांना बांगड्या उतरविणें जिवावर येतें. पण तासाभरानें रुग्णालयांत त्या कापाव्याच लागतात.

वृद्ध माणसांत दुसरी मोड खुब्याची. पडलेल्या व्यक्तीला उभें राहतां येत नाहीं, जांघेंत कळ येते, आणि एक पाय दुसऱ्याहून आंखूड व बाहेरच्या बाजूस वळलेला दिसतो, अशीं चिन्हें असतील तर खुब्याचें हाड मोडलें असेंच समजून चालावें. "दोन पावलें चालून पाहा" असा आग्रह धरूं नये. अशी शस्त्रक्रिया शक्यतों एक दोन दिवसांत व्हावी असें डॉक्टर सांगतात, कारण वृद्ध शरीर अंथरुणाला खिळलें कीं छातींत कफ, पाठीला व्रण आणि पायांत रक्ताच्या गुठळ्या हीं विघ्नें उभीं राहतात. "वय झालें आहे, आतां कशाला कापाकापी" हा विचार दयेचा वाटतो. बहुधा तो घाताचा ठरतो.

घोटा मुरगळला असेल तर पाय उंच ठेवावा, कापडांत गुंडाळलेला बर्फ पंधरा वीस मिनिटें लावावा, पट्टी बांधावी आणि विश्रांति घ्यावी. पहिले दोन दिवस शेक, तेल आणि चोळणें वर्ज्य. आपल्या घरांत हाच नियम सर्वांत अधिक मोडला जातो, आणि चोळणाऱ्या हाताखालीं सूज वाढत जाते. चार पावलेंहि टाकतां येत नसतील, किंवा घोट्याचें हाडच दाबल्यावर दुखत असेल, तर क्ष-किरणांचें चित्र काढून घ्यावें.

कित्येक सज्जन माणसें मदतीला येत नाहींत तीं पोलिसांच्या भीतीनें. "पोलीस आल्याशिवाय रुग्णालयांत घेणार नाहींत," असें अजूनहि ऐकूं येतें. सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालींच, परमानंद कटारा यांच्या अर्जावरील निकालांत, स्पष्ट सांगितलें आहे कीं जखमी माणसाचा जीव वांचविणें हें प्रत्येक डॉक्टरचें पहिलें कर्तव्य आहे, आणि कायद्याचे सोपस्कार त्याच्या आड येऊं शकत नाहींत. रस्त्यावरील वाहनांच्या अपघातांत मदत करणाऱ्याला तर २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांतच संरक्षण मिळालें आहे. स्वतःचें नांव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करतां येत नाहीं. तेव्हां भिण्याचें कारण नाहीं.

आतां दुसरा भाग, घरीं आल्यावरचा. त्यांत पहिलें कर्तव्य एकच: घरांत सांगणें. डोक्याला मार लागला असेल तर पुढचे ४८ तास त्या माणसाला एकटें ठेवूं नये. वारंवार ओकारी, वाढत जाणारी डोकेदुखी, अवेळीं येणारी गुंगी, असंबद्ध बोलणें, एका बाजूच्या हातापायांत अशक्तपणा, झटका, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणें, नाकांतून किंवा कानांतून पाण्यासारखा द्रव येणें, यांपैकीं एक चिन्ह दिसलें तरी रात्र असो वा दिवस, रुग्णालय गांठावें. जे रक्त पातळ ठेवणारीं औषधें घेतात त्यांनीं तर चिन्हांची वाट न पाहतां त्याच दिवशीं जावें. माझे मित्र हृदयविकारासाठीं तशी गोळी घेत होते. हें मला ठाऊक होतें. तिचा डोक्याच्या माराशीं कांहीं संबंध आहे हें मात्र ठाऊक नव्हतें.

अठ्ठेचाळीस तास सुरळीत गेले म्हणजे सर्व संपलें असेंहि नाहीं. वयपरत्वें मेंदू किंचित् आक्रसतो, आणि त्याच्यावरून कवटीच्या अस्तराकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. हलक्या धक्क्यानेंहि त्यांपैकीं एखादी फाटते, आणि त्यांतून रक्त थेंबाथेंबानें झिरपत राहतें. तें पुरेसें सांचून मेंदूवर दाब येण्यास कित्येक आठवडे लागतात. तोंपर्यंत पडण्याची आठवणहि पुसट झालेली असते. चाल बदलली, विसर वाढला, स्वभाव चिडखोर झाला, कीं आपण "म्हातारपण" म्हणून सोडून देतों. म्हणून माझी विनंति आहे कीं घरांत जेथें औषधांच्या वेळा लिहून ठेवतां, तेथेंच पडल्याची तारीखहि लिहून ठेवा, आणि पुढचे दोन तीन महिने ती पुसूं नका.

जखम चिखलांत झाली असेल आणि धनुर्वाताची लस घेऊन पांच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर ती पुन्हां टोंचून घ्यावी. डॉक्टरांना सांगतांना "जरा लागलें" असें मोघम न सांगतां, कोठें, कशावरून, किती वाजतां आणि कोणत्या अंगावर पडलों हें सांगावें. त्यानें निदान सोपें होतें, आणि तें केसपेपरवर लिहिलें गेल्यानें पुढें पुरावाहि होतो. तो पुरावा कशासाठीं, हें तिसऱ्या भागांत सांगतों.

ज्या पायरीवर एक मनुष्य पडला, तिच्यावर दुसराहि पडणार. आपण उठून निघून गेलों म्हणून ती कोरडी होत नाहीं. म्हणून शक्य झाल्यास त्याच वेळीं, स्वतः किंवा बरोबरच्या माणसानें, मोबाईल फोनवर त्या जागेचें छायाचित्र घ्यावें. तासाभरानें तेथील पाणी पुसलेलें असतें. पाहणाऱ्या एक दोघांचीं नांवें व फोन घ्यावे. दुकान, चित्रपटगृह, कचेरी असेल तर व्यवस्थापकाला सांगून लेखी नोंद करून घ्यावी व तिची प्रत मागावी. पायांतील जोडा, उपचारांचीं बिलें, तिकीट, पावत्या जपून ठेवाव्या. "हे घ्या पांचशे रुपये आणि येथें सही करा," असें कोणी म्हणाल्यास दुखापत किती आहे हें कळण्यापूर्वीं सही करूं नये.

कायद्याचा विचार करतांना जागा कोणाची हें आधीं पाहावें. रस्ता महानगरपालिकेचा असेल तर मुदतीकडे विशेष लक्ष द्यावें. मुंबईचा १८८८ चा कायदा व महाराष्ट्रांतील इतर महानगरपालिकांचा १९४९ चा कायदा, दोहोंतहि असें आहे कीं पालिकेच्या हयगयीबद्दल दावा लावण्यापूर्वीं एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि दावा सहा महिन्यांच्या आंत लावावा लागतो. पुष्कळांचे दावे खरे असूनहि ते या मुदतीपायीं जातात. १३ ऑक्टोबर २०२५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें खड्डे व उघडीं मॅनहोल यांच्यासंबंधीं महत्त्वाचा आदेश दिला. त्यांमुळें मृत्यु आल्यास वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमींना दुखापतीच्या मानानें ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी, असें त्यांत सांगितलें. चांगला रस्ता ही मेहेरबानी नसून नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचाच तो भाग आहे, हें त्यामागचें तत्त्व.

पैसे देऊन जेथें सेवा घेतली अशा दुकानांत किंवा उपाहारगृहांत हयगयीमुळें दुखापत झाली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करतां येते. रेल्वेच्या प्रवासी गाडींतून अपघातानें पडलेल्या प्रवाशाला रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे एक वर्षाच्या आंत अर्ज करतां येतो. म्हणून तिकीट किंवा पास संभाळून ठेवावा. फलाटावर पाय घसरणें त्या तरतुदींत बसत नाहीं. तेथें स्टेशन मास्तरांकडे लेखी तक्रार तरी अवश्य करावी. आपलीहि चूक असेल तर ती प्रामाणिकपणें ओळखावी. "फरशी ओली आहे" असा फलक समोर असतांना फोनमध्यें डोकें घालून चालणाऱ्याच्या भरपाईंतून न्यायालय त्याच्या निष्काळजीपणाचा भाग वजा करतें, आणि तें योग्यच आहे.

आमच्या मंडईबद्दल आम्हीं दावा लावला नाहीं. मुदत निघून गेली होती, आणि माझ्या मित्रांची तशी इच्छाहि नव्हती. मीं फक्त एक अर्ज लिहिला. त्याला उत्तर आलें नाहीं. मग पायऱ्यांचें छायाचित्र जोडून, भाजीवाल्या बायकांच्या व गिऱ्हाइकांच्या सह्या घेऊन दुसरा लिहिला, तिसरा लिहिला. सात महिन्यांनीं त्या फरशीवर टांकीच्या खांचा पडल्या आणि एका बाजूला लोखंडी कठडा बसला. सह्या घेतांना मला कळलें कीं एकट्या त्या पावसाळ्यांत तेथें अनेकजण पडले होते. प्रत्येकजण "कांहीं नाहीं" म्हणून निघून गेला होता.

गेल्या पावसाळ्यांत मी स्वतः एका पादचारी पुलाच्या जिन्यावर पडलों. कॉलेजांत जाणारा एक मुलगा धांवत आला आणि माझ्या दंडाला हात घालूं लागला. मीं म्हटलें, "थांब बाळ, आधीं हजेरी घेऊं दे." त्याला कांहीं कळलें नाहीं, पण तो बिचारा माझ्या शेजारीं पायरीवर बसला आणि त्यानें छत्री धरली. येणारे जाणारे पाहत होते, आणि खरें सांगतों, लाज वाटत होतीच. डावें मनगट गैरहजर निघालें. त्या मुलानेंच मला रुग्णालयांत नेलें. दीड महिना हात प्लॅस्टरमध्यें होता. घरीं सर्व हकीकत सांगितली, आणि अपेक्षेप्रमाणें बोलणींहि खाल्लीं. संध्याकाळीं मित्रांना फोन करून सांगितलें तेव्हां ते हळूहळू, शब्द जुळवीत म्हणाले, "मास्तर, वहिनींना सांगितलेंत ना?"

मीं "हो" म्हटलें. श्रोतेहो, आपणहि सांगत जा, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.